टायबरच्या खोऱ्यातील माणगावचे नाईक : यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस

रोमच्या यात्रेला जाणारे आपले बंधुभगिनी संत पेत्राच्या महामंदिराकडे निघतात, तेव्हा वाटेत त्यांना एक नदी लागते. तिचे नाव टायबर. देवदूतांच्या पुतळ्यांनी सजलेल्या पुलावर सारेजण थांबतात, छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. नदीकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण डोळे समोरच्या घुमटाकडे लागलेले असतात. हीच नदी रोमला पोहोचण्यापूर्वी उत्तरेकडील उम्ब्रिया प्रांताच्या डोंगरांतून वाट काढीत येते आणि पेरुज्या शहराच्या पायथ्याला वळसा घालते. संत फ्रान्सिस असिसीकरांचे असिसी गाव त्या वळणापासून दूर नाही. आपल्या यात्रेकरूंची बस असिसीला हमखास जाते, संतांच्या कबरीपाशी मिस्सा होते आणि संध्याकाळी मंडळी परततात. तेथून उत्तरेकडे आणखी तासाभराचा प्रवास केला, तर टायबरच्या वरच्या खोऱ्यात एका टेकडीवर तटबंदीने वेढलेले मोंतोने नावाचे लहानसे गाव लागते. या गावात एका मराठी माणसाचे स्मारक आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

मोंतोने हे जुने गाव आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकात इटलीभर नावाजलेला सेनानी ब्राच्चो फोर्तेब्राच्चो येथील घराण्यातला. प्रभू येशूच्या काटेरी मुकुटातील एक काटा त्याच घराण्याने गावाला अर्पण केला, अशी तेथील परंपरा आहे. तो काटा आजही तेथे भक्तिभावाने जपला जातो आणि त्याचा उत्सव होतो. अशा या गावात जुलै २०२३ मध्ये तेथील नगरपालिका, इटालियन युद्धेतिहासकार आणि भारतीय दूतावास यांनी मिळून एक सूर्यघड्याळ उभारले. स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुतळा उभा राहतो. येथे पुतळा नाही. उन्हात सावली सरकत जाते आणि वेळ दाखवते, एवढेच. आपण सारे एकाच सूर्याखाली जगतो, या अर्थाचे ब्रीद त्या स्मारकाला दिलेले आहे. ते ज्यांच्या नावाने उभे आहे ते नाईक यशवंत घाडगे, गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा.

कुलाबा म्हटल्यावर मुंबईकर वाचकाला दक्षिण टोकाचे कुलाबा आठवेल. हा कुलाबा तो नव्हे. अलिबागच्या समुद्रातील किल्ल्यावरून ज्याचे नाव पडले होते तो हा जिल्हा. १९८१ मध्ये त्याचे नाव रायगड झाले. त्या जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात १६ नोव्हेंबर १९२१ रोजी यशवंत यांचा जन्म झाला. भात, नाचणी आणि डोंगरउतारावरची वरकस जमीन हे या मुलखाचे जगण्याचे साधन. पाऊस मुबलक, पण चार महिन्यांत ओसरणारा. शेतीवर बाराही महिने पोट भरत नसे, म्हणून घरटी एखाददुसरा मुलगा बाहेर पडे. बाहेर पडण्याचे मार्ग मुख्यतः दोन : एक मुंबईची गिरणी, दुसरी पलटण.

गिरणीचा मार्ग आपल्याला परिचित आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळजण त्याच मार्गाच्या शेजारी वाढलो. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी या भागांतील चाळींत रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून आलेल्या माणसांनी एकेका खोलीत दाटीवाटीने संसार आणि बिऱ्हाडे थाटली. खाणावळींत त्यांची जेवणे होत, गावकऱ्यांच्या मंडळाची खोली हे त्यांचे घर असे आणि महिन्याकाठी गावी मनिऑर्डर जाई. त्या काळी कोकणात रेल्वे नव्हती. मोटारीने धरमतरपर्यंत यायचे आणि तेथून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, हा माणगावकडच्या माणसाचा नेहमीचा रस्ता. ज्या घरातला थोरला गिरणीत, त्या घरातला धाकटा पलटणीत, अशी कुटुंबे तेव्हा सर्रास आढळत. गिरणगावातील मराठी माणसाचा आणि मराठा पलटणीचा संबंध असा चुलीपाशी जुळलेला आहे. गिरणगावचा इतिहास लिहिताना आपण संप, मेळे आणि गणेशोत्सव यांची नोंद घेतो, पण लष्करात गेलेल्या भावाची नोंद सहसा राहून जाते.

यशवंत पलटणीत गेले. पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही त्यांची रेजिमेंट आणि तिची तिसरी बटालियन ही त्यांची पलटण. या रेजिमेंटची सर्वांत जुनी बटालियन १७६८ मध्ये मुंबई इलाख्याच्या फौजेत उभी राहिली, म्हणजे मूळ पाहिले तर ही मुंबईचीच रेजिमेंट. १९२२ पासून तिचे केंद्र बेळगावला आहे. तिसऱ्या बटालियनचा पूर्वीचा क्रमांक एकशे दहा होता. पहिल्या महायुद्धात तिने मेसोपोटेमियातील कुत-अल-अमाराचा वेढा सोसला. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असे जवळजवळ पाच महिने उपासमार आणि रोगराई सहन केल्यावर तेथील सैन्याला शरण जावे लागले आणि कैदेत गेलेल्यांपैकी अनेकजण परत आले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४१ मध्ये, याच बटालियनने एरिट्रियातील केरेनच्या लढाईत फ्लॅट टॉप नावाची उघडीबोडकी टेकडी इटालियन सैन्याकडून जिंकून घेतली. तेव्हा तिचे नेतृत्व डेनिस रीड या अधिकाऱ्याकडे होते. हे रीड पुढे आफ्रिकेच्या वाळवंटात शत्रूच्या हाती सापडले, इटलीत कैदेत पडले आणि तेथून निसटले. १९४४ मध्ये ते दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख म्हणून त्याच इटलीत परत आले आणि त्यांच्या हाताखाली त्यांची जुनी तिसरी मराठा बटालियनही होती. युद्धात असे योग येतात.

येथे थोडे मागे जाऊन व्हिक्टोरिया क्रॉस या पदकाविषयी सांगितले पाहिजे. ते का, हे पुढे कळेल. राणी व्हिक्टोरियाने २९ जानेवारी १८५६ रोजी हे पदक स्थापन केले. क्रिमियाच्या युद्धात सामान्य शिपायांनी दाखविलेल्या धैर्याची दखल घेणारे योग्य पदक इंग्लंडकडे नव्हते, ही उणीव त्यामागे होती. सोने नाही, चांदी नाही, साध्या काशाचा हा क्रूस. जुन्या तोफांच्या धातूपासून तो घडवतात आणि गडद तांबड्या फितीला लटकवतात. अधिकारी असो की शिपाई, पदक एकच, हे त्याचे वैशिष्ट्य मानले गेले. मात्र या समानतेला एक कुंपण होते. हिंदुस्थानी शिपायाला ते मिळू शकत नव्हते. त्याच्यासाठी १८३७ पासून ऑर्डर ऑफ मेरिट नावाचा वेगळा सन्मान होता. व्हिक्टोरिया राणीची संपूर्ण कारकीर्द संपली, तरी हे कुंपण उभेच होते. ते १९११ मध्ये हटले.

त्या कुंपणाचा अर्थ काय होता, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. १८५७ च्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या सत्ताविसाव्या मुंबई पलटणीने उठाव केला आणि उठाववाल्यांपैकी काहीजण शहराजवळच्या पागेच्या दगडी इमारतीत शिरून अखेरपर्यंत लढले. साताऱ्याहून घोडेस्वारांची तुकडी घेऊन दौडत आलेल्या लेफ्टनंट विल्यम केर या स्कॉटिश अधिकाऱ्याने पायउतार होऊन पागेचा दरवाजा फोडला आणि आत प्रवेश केला. त्याबद्दल १८५८ मध्ये केर यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ते दीर्घायुषी झाले आणि १९१९ मध्ये इंग्लंडमधील फोकस्टन येथे वारले. या प्रसंगाच्या जुन्या वृत्तांतांत त्यांच्या खांद्याला खांदा लावून आत घुसणाऱ्या गणपतराव देवकर या मराठा शिपायाचे नाव येते. त्यांना तो क्रॉस मिळणे नियमानेच अशक्य होते. आणि हेही विसरता येत नाही, की पागेच्या आत मेले ते आपलेच लोक होते. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना मराठी माणसे, आणि पदक एका स्कॉटिश माणसाच्या छातीवर. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील शौर्याची कथा आपल्या मुलखात शोधू गेल्यास ती अशी अडचणीची निघते. कोणाचे धैर्य खोटे नव्हते. प्रश्न ते कोणाच्या खाती जमा झाले, हा आहे.

१९११ नंतर परिस्थिती पालटली. १९१४ मध्ये बेल्जियमच्या रणांगणावर खुदादाद खान हे क्रॉस मिळवणारे पहिले हिंदुस्थानी शिपाई ठरले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या वाट्याला मात्र पहिले महायुद्ध संपेपर्यंत तो आला नाही. तो आला १९४४ मध्ये, माणगावच्या तरुणाच्या रूपाने.

१९४४ हे वर्ष मुंबईकरांच्या स्मरणात वेगळ्या कारणाने आहे. १४ एप्रिलच्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, शेकडो माणसे दगावली आणि मांडवी-मशीद बंदरचा परिसर बेचिराख झाला. युद्ध दूर कोठेतरी चालले आहे, ही मुंबईची समजूत त्या दिवशी संपली. आदल्या वर्षापासून शहरात रेशनिंग सुरू झाले होते, आणि गिरण्यांची मोठी शक्ती लष्करी कापडात गुंतली होती. अशा त्या वर्षी, गोदीची राख जेमतेम निवते न निवते तोच, कोकणातील मुले इटलीतील एका नदीच्या खोऱ्यात चढण चढत होती.

इटलीच्या मोहिमेत ५०,००० हून अधिक भारतीय सैनिक लढले. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन तेथे होत्या. एकूण २३,७२२ सैनिक जायबंदी, बेपत्ता वा मृत झाले आणि त्यांपैकी ५,७८२ जण कायमचे तेथेच राहिले. या मोहिमेतील एक प्रसंग कॅथलिक वाचकाला विशेष लागतो. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात स्थापन केलेला मोन्ते कासिनोचा मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी उद्ध्वस्त केला, आणि त्या उद्ध्वस्त मठाच्या डोंगरावर ज्यांना चढाई करावी लागली त्यांत चौथ्या भारतीय डिव्हिजनचे जवान होते. अखेर मे महिन्यात पोलिश सैन्याने मठाचे अवशेष ताब्यात घेतले. ४ जूनला रोम मुक्त झाले. त्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडील डोंगरांत बांधलेल्या भक्कम संरक्षक फळीकडे माघार घेऊ लागले.

माघार म्हणजे पळ नव्हे. प्रत्येक टेकडीवर थोडे सैनिक ठेवायचे, त्यांना मशीनगन द्यायच्या, पूल उडवायचे, रस्त्यांत सुरुंग पेरायचे आणि पाठलाग करणाऱ्याला एकेका मैलासाठी रक्त सांडायला लावायचे, अशी ती पद्धत होती. टायबरच्या वरच्या खोऱ्याची रचना त्यासाठी सोयीची. मध्ये नदी, दोन्ही बाजूंना ऑलिव्ह आणि ओकची झाडे असलेले डोंगर, माथ्यावर दगडी घरे. जूनच्या अखेरीस पेरुज्याच्या उत्तरेला दहाव्या भारतीय डिव्हिजनने मोर्चा हाती घेतला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उम्बेर्तिदे आणि मोंतोने ही गावे मुक्त झाली. चित्ता दि कास्तेल्लो हे पुढचे शहर हाती यायला २२ जुलै उजाडला. नकाशावर हे अंतर बोटाच्या पेराएवढे आहे. या पेराएवढ्या अंतरात, १० जुलै रोजी, यशवंत घाडगे यांच्या कंपनीला एका भक्कम बंदोबस्तातील शत्रूच्या ठाण्यावर हल्ला करण्याचा हुकूम मिळाला.

नाईक हे पद लहानच. आठ-दहा रायफलधारी जवानांच्या सेक्शनचा तो प्रमुख. यशवंत यांचे वय तेव्हा बावीस वर्षांचे. ते आपली सेक्शन घेऊन पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि काही क्षणांत सेक्शनमधील प्रत्येकजण मरून पडला किंवा घायाळ झाला. उभे राहिले ते एकटे यशवंत. मागे पाहावे तर सोबतीला कोणी नाही, हे त्यांना दिसत होते. अशा वेळी जमिनीला चिकटून राहणे, मागील तुकडी येईपर्यंत थांबणे, यात कोणालाही भ्याडपणा दिसला नसता. त्यांनी तसे केले नाही. ते सरळ मशीनगनच्या दिशेने धावत सुटले. प्रथम त्यांनी हातगोळा फेकला. त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग त्यांनी आपल्या बंदुकीने आणखी एकाला टिपले. तोवर बंदुकीतील गोळ्या संपल्या आणि दुसरे मॅगझिन चढवायला उसंत नव्हती. त्यांनी बंदुकीची नळी धरली आणि दस्त्याच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. ठाणे हाती आले. त्याच ठाण्यात, आडोशाला लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि ते कोसळले.

लष्करी अहवालात हे सारे काही ओळींत येते. आपणही ते काही ओळींत वाचतो आणि अभिमानाने मान वर करतो. तो अभिमान रास्त आहे. परंतु मी धर्मगुरू आहे आणि ही हकिकत वाचताना बंदुकीच्या दस्त्यापाशी मी दरवेळी अडखळतो. हातगोळा दुरून फेकला जातो, गोळी दुरून सुटते. दस्ता मारायला समोरच्याच्या चेहऱ्यापर्यंत जावे लागते. तेही कोणाचे तरी मुलगे होते आणि त्यांच्याही घरी तार गेली असेल. मरण पावलेल्या त्या चौघांसाठीही प्रार्थना करावी असे मला वाटते, आणि तसे वाटल्याने यशवंत यांचे शौर्य तसूभरही उणे होत नाही. त्यांनी स्वतःसाठी काही मिळवायला ती धाव घेतली नाही. त्यांच्यामागे जमिनीवर त्यांची माणसे पडली होती, काही अजून जिवंत होती आणि ती मशीनगन चालू राहिली असती तर तीही वाचली नसती. याच टायबरच्या काठाशी, पेरुज्याजवळील कोल्लेस्त्रादा येथे १२०२ मध्ये असिसीचा एक श्रीमंत तरुण शस्त्र घेऊन लढला होता, हरला होता आणि पेरुज्याच्या तुरुंगात पडला होता. तो पुढे संत फ्रान्सिस झाला. त्याला आयुष्य मिळाले, म्हणून तो शस्त्र खाली ठेवू शकला. बावीस वर्षांच्या यशवंत यांच्यापुढे ती वाट उघडलीच नाही.

लंडनच्या राजपत्रात त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा झाली ती २ नोव्हेंबर १९४४ रोजी. ख्रिस्तसभेच्या पंचांगात हा दिवस सर्व मृत भाविकांच्या स्मरणाचा आहे, हे आपल्याला सांगायला नको. इटलीतील मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा भारतीय सैन्यातील जवानांना. त्या सहांपैकी दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे.

पदक घ्यायला यशवंत नव्हते. १९४५ साली दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी स्वीकारले. कोकणातील एका खेड्यातून आलेली तरुण विधवा, समोर साम्राज्याचा सर्वोच्च अधिकारी, भोवती संचलनाला उभे सैन्य. हा प्रसंग छायाचित्रांत टिपला गेला आणि युद्धकाळात दूरवर पोहोचला. त्या काळी आपल्या समाजात विधवेला मंगल प्रसंगी पुढे उभे राहू दिले जात नसे. त्याच काळात लक्ष्मीबाईंना सर्वांसमोर पुढे यावे लागले, आणि कारण होते त्यांचे वैधव्यच. सन्मान आणि दुःख एकाच हातात ठेवले जाते, तेव्हा ते घेणाऱ्याला काय वाटत असेल? शौर्यकथा सांगणारे आपण बहुधा रणांगणावर थांबतो. पळसगावच्या घरातील पुढची वर्षे कोणी सांगत नाही.

यशवंत यांची कबर नाही. ज्या सैनिकांच्या पार्थिवाचे ठिकाण निश्चित नाही अशा ४,००० हून अधिक जणांची नावे कासिनो येथील युद्धस्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत नाईक यशवंत घाडगे हे नाव आहे. वर डोंगरावर संत बेनेडिक्ट यांचा पुन्हा उभारलेला मठ आणि खाली त्या शिला. रोमहून नेपल्सकडे जाणाऱ्या महामार्गावर कासिनो लागते. मठ पाहायला जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंनी अर्धा तास काढला, तर मराठी आडनावे बोटाने वाचता येतील.

आता वंशजांविषयी. शूर पुरुषाची कथा संपली की लोक पहिल्यांदा हेच विचारतात, की आज त्यांच्या घरी कोण आहे? आज हयात असलेल्यांची नावे व पत्ते अशा लेखात देणे उचित नव्हे आणि मी ते देत नाही. मात्र कुळाचा माग कसा निघतो, हे सांगता येते. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदवहीत मृत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, बटालियन आणि मृत्यूची तारीख असते, आणि पुष्कळदा आई-वडिलांची, पत्नीची आणि गावाची नोंदही असते. इंग्रज कारकुनाने मराठी नावांची अक्षरे पार विस्कटून टाकलेली असतात, म्हणून एकच आडनाव चार-पाच प्रकारांनी शोधावे लागते. तेथून बेळगावचे रेजिमेंटल सेंटर, जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय, आणि मग गाव. गावात सातबारा असतो, आणि सातबाऱ्याहून अधिक खरी स्मरणशक्ती असलेली एखादी म्हातारी आजी असते. माणगावात यशवंत यांचा पुतळा उभा आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा शोध सोपा. पुतळा नसलेल्यांचे काय?

यशवंत यांचा आणखी एक वंश आहे आणि तो रक्ताचा नाही. त्यांची तिसरी बटालियन स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि दुसरी पॅरा (मराठा) या नावाने ओळखली जाऊ लागली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशातील टांगाइलजवळ विमानांतून उड्या घेऊन उतरली ती हीच पलटण. पूल ताब्यात घेऊन तिने ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडवली, आणि पाच दिवसांनी ढाक्यात प्रवेश करणाऱ्या पहिल्या तुकड्यांत ती होती. टायबरच्या खोऱ्यात पडलेल्या नाईकाची पलटण सत्तावीस वर्षांनी अशी आकाशातून उतरली, पण या वेळी ती साम्राज्यासाठी लढत नव्हती.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचा दुसरा क्रॉस नामदेव जाधव यांचा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज हे त्यांचे गाव. पहिल्या बटालियनचे हे जवान ९ एप्रिल १९४५ रोजी उत्तर इटलीत सेनिओ नदीच्या काठावर घायाळ सोबत्यांना पाठीवर घेऊन सुरुंगांतून आणि पाण्यातून मागे आले, आणि परत जाऊन त्यांनी शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्यांचा जन्मही नोव्हेंबर १९२१ चा, यशवंत यांच्यानंतर दोनच दिवसांनी, १८ तारखेला. ते वाचले आणि १९८४ पर्यंत जगले. एकाच महिन्यात जन्मलेले दोघे, एकच रेजिमेंट, एकच देश, एकच पदक. एकाला बावीस वर्षे मिळाली आणि दुसऱ्याला बासष्ट.

गिरणगावातील, गिरगावातील, दादरमधील पुष्कळ जुन्या बिऱ्हाडांत आजोबा-पणजोबांची पदके पत्र्याच्या ट्रंकेत पडून आहेत. चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत, घरे बदलत आहेत आणि या बदलात ट्रंका भंगारात जात आहेत. आपल्या धर्मग्रामांतही अशी घरे आहेत, कारण लष्करात आणि लष्कराच्या इस्पितळांत, भटारखान्यांत, बँडपथकांत ख्रिस्ती माणसेही होती. सहा टोकांचा तारा असलेले पिवळसर धातूचे पदक सापडले, तर ते दुसऱ्या महायुद्धाचे समजावे. मध्यभागी राजाच्या नावाची आद्याक्षरे आणि भोवती आफ्रिका, इटली किंवा ब्रह्मदेश यांसारखे नाव इंग्रजीत असू शकते. असे पदक घासून चकचकीत करू नये. ते उलटे करावे आणि पाठीवर भिंगातून पाहावे. भारतात वाटलेल्या ताऱ्यांच्या पाठीवर पुष्कळदा शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. गोल पदक असेल, तर हीच माहिती कडेवर असते. क्रमांक मिळाला की तो कागदावर उतरवून ठेवावा, पदकाशेजारी आजोबांचे पूर्ण नाव व गाव लिहावे आणि घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला या रविवारीच त्याविषयी विचारावे.